जावयाच्या आडनावाची फ्रेम: लाकडाला चार तारे, मजकुराला एक

लेकीच्या लग्नात जावयाला काय द्यायचं यावर आमच्या घरात दोन महिने खल चालला होता. अंगठी तो घालत नाही, घड्याळ त्याच्याकडे आहे आणि सूट देऊ का विचारलं तर हसतो. मुलगा दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा, घरात आफ्रिकान्स, म्हणजे डचपासून निघालेली भाषा बोलणारा, आणि नोकरी नेदरलँड्समधल्या दॉर्दरेख्तला. आडनाव फान देर मेर्वे. क्रिकेटचे समालोचक ‘व्हॅन डर मर्व’ म्हणतात तेच. डच आणि आफ्रिकान्समध्ये त्या ‘व्ही’चा उच्चार जवळजवळ ‘फ’ होतो, हे मला व्याह्यांनी पहिल्याच भेटीत तीनदा म्हणायला लावून शिकवलं.

तेवढ्यात यजमानांना इंटरनेटवर एक दुकान सापडलं. तुम्ही आडनाव द्या, ते त्याचा उगम, अर्थ आणि कुळचिन्ह शोधून जुन्या चर्मपत्रासारख्या कागदावर छापून फ्रेम करून पाठवतात. ११९ युरो, टपालखर्च वेगळा. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. तक्रार त्यांना थेट पाठवली आहे, आणि अशी दुकानं एक सोडून दहा आहेत. कोणाकडून घेतलं यापेक्षा काय हातात पडतं ते सांगते.

माझ्याबद्दल एवढंच की मी महसूल खात्यात अव्वल कारकून होते आणि नोकरीची बरीच वर्षं अभिलेख कक्षात काढली. फेरफार, वारसनोंद, जुने सातबारे. कागद हातात आला की मी आधी तारखा बघते, मग नावं, आणि सुंदर अक्षर सगळ्यात शेवटी.

वस्तू म्हणून फ्रेम उत्तम आहे, ते आधी मान्य करते. ओक लाकूड, कोपरे घट्ट, मागे टांगायला दोन पितळी कड्या. कागद चहा सांडल्यासारखा तपकिरी, कडा मुद्दाम जाळलेल्या, खाली लाल लाखेचा शिक्का. मधे ढाल, ढालीवर सिंह, सिंहाच्या पायाशी जहाज. पार्सल उघडलं तेव्हा यजमान म्हणाले, “वा, राजघराण्यात पोरगी दिली आपण.”

गडबड खरं तर ऑर्डर देतानाच सुरू झाली होती. त्यांच्या फॉर्ममध्ये आडनावाला एकच रकाना. नेदरलँड्समधला कुठलाही फॉर्म घ्या, नगरपालिकेचा, दवाखान्याचा, वाचनालयाचा. ‘फान’, ‘दे’, ‘फान देर’ यांच्यासाठी वेगळा छोटा रकाना असतो. त्याला ते ‘तुसनफुखसल’ म्हणतात, म्हणजे मधे घातलेलं. कारण याद्या मुख्य शब्दावर लागतात. जावई नेदरलँड्समध्ये ‘एम’खाली सापडतो आणि प्रिटोरियाला गेला की ‘व्ही’खाली. आणखी एक बारकावा म्हणजे पुढे नाव असेल तर ‘फान’ लहान अक्षराने लिहायचा, नाव नसेल आणि नुसतं ‘श्री. फान देर मेर्वे’ असेल तर मोठ्या. या दुकानाला यातलं काहीच ठाऊक नसावं. पहिला नमुना मंजुरीसाठी आला त्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत छापलं होतं: ‘व्हॅन घराणे’. म्हणजे निम्म्या देशाचं एकच घराणं! ते दुरुस्त करून घेतलं, एवढ्यावर निभावलं असं वाटलं.

मग अंतिम मजकूर आला. दीड परिच्छेद. लेकीने वाचून दाखवला आणि मी डायरीत उतरवून घेतला. त्यात तीन विधानं होती. एक, ‘फान’ हे सरदारपणाचं चिन्ह आहे. दोन, ‘मेर्वे’ म्हणजे ‘सागराचा वीर’. तीन, नेपोलियनने १८११ मध्ये सक्ती केल्यावर या कुटुंबाने हे नाव घेतलं. आणि लगेच पुढच्या ओळीत, या घराण्याचा मूळ पुरुष सतराव्या शतकात याच नावाने केपला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरच्या डच वसाहतीत, पोहोचला.

मी तिथेच थांबले. नाव घेतलं १८११ला आणि माणूस ते घेऊन बोटीतून उतरला दीडशे वर्षं आधी? फेरफार नंतरचा आणि त्याच्या आधारे केलेली वाटणी आधीची, असं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर शेरा मारून परत पाठवलं असतं.

लेक म्हणाली, “आई, सोड ना, भिंतीवर लावायचं आहे.” पण लग्नाला अजून पाच आठवडे होते, आम्ही दॉर्दरेख्तला मुक्कामी होतो, माझ्याकडे वेळ होता आणि बाहेर पाऊस होता.

तर या परीक्षणातला दुसरा भाग त्या सेवेचा, जिला आम्ही एक सेंटही दिला नाही. नेदरलँड्सची एक आडनावांची पेढी आहे, ‘नेदरलान्झ फामिलीनामनबांक’. मेर्टेन्स इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांच्या कामातून ती उभी राहिली, आता हेगच्या सीबीजी या कुळेतिहास केंद्राकडे आहे. तीन लाखांहून जास्त आडनावं. कोणीही घरबसल्या बघू शकतो. दिसायला अगदी कोरडी, म्हणजे आमच्या रेकॉर्ड रूमसारखी. सिंह नाही, लाख नाही. प्रत्येक आडनावासमोर दोन आकडे, १९४७च्या जनगणनेचा आणि २००७च्या लोकसंख्या नोंदीचा. पाचपेक्षा कमी माणसं असतील तर नेमका आकडा न देता ‘पाचपेक्षा कमी’ एवढंच लिहितात, म्हणजे कोणा एकट्यादुकट्यावर बोट राहत नाही. खाली नगरपालिकावार नकाशा, जिथे दाटी तिथे रंग गडद. शोधताना ‘मेर्वे’ टाकायचं, यादीत ‘मेर्वे, फान देर’ असं उलटं येतं. पहिल्या दिवशी मी ‘फान’पासून सुरुवात केली आणि अर्धा तास वाया घालवला.

जिथे अर्थ पक्का नाही तिथे ही पेढी गप्प बसते. कितीतरी आडनावांपुढे खुलाशाची जागा रिकामी आहे. पैसे घेऊन माहिती विकणाऱ्याला ते परवडत नाही, त्याला प्रत्येक रकाना भरावाच लागतो.

आता त्या तीन विधानांकडे. ‘फान’ म्हणजे ‘-चा’ किंवा ‘-हून’, बस. जर्मनीत ‘फॉन’ लागलं की पुष्कळदा सरदार असतो, डच ‘फान’मध्ये तसलं काही नाही. गावाहून आलेला शेतकरीही ‘फान’ आणि गावाचा मालकही ‘फान’. ‘देर’ हे जुन्या डचमधलं विभक्तीचं रूप, आज बोलण्यात उरलेलं नाही, आडनावांत गोठून राहिलंय. आणि मेर्वे म्हणजे मेरवेदे ही नदी. मराठीत सांगायचं तर जावई ‘मेरवेकर’. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला की ऑफिसात दोन दिवस तसंच नाव सांगत होता.

गंमत म्हणजे ही नदी त्याच्या घराच्या गॅलरीपासून सायकलने दहा मिनिटांवर. वाउडरिखेमजवळ वाल नदी मेरवेदे होते, वेर्केंडामला तिचे दोन फाटे होतात आणि त्यातली खालची, बेनेदेन मेरवेदे, दॉर्दरेख्तपाशी येऊन नॉर्ड आणि आउदे मास अशा पुन्हा दोन होते. एकाच पाण्याला दर चार कोसांवर नवं नाव. ‘सागराचा’ वगैरे काही नाही, गोडं पाणी, त्यावरून दिवसभर वाळूचे आणि कंटेनरचे पडाव जातात. दॉर्दरेख्तहून गोरिंखेमकडे जाणाऱ्या रेल्वेचं नावसुद्धा ‘मेरवेदे-लिंगे’. जावई दोन वर्षं त्या गाडीने जा-ये करत होता. आपलं आडनाव डब्यावर लिहिलंय हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

एका रविवारी आम्ही ‘हाउस ते मेरवेदे’ बघायला गेलो. मेरवेदेच्या जहागीरदारांचा चौदाव्या शतकातला वाडा. १४१८च्या वेढ्यात त्याची वाताहत झाली, आणि उरलेलं काम १४२१च्या नोव्हेंबरमधल्या सेंट एलिझाबेथच्या महापुराने केलं. आता विटांची एक पडकी भिंत तेवढी उभी आहे, आजूबाजूला कारखाने आणि गवत. त्या पुरानेच पलीकडे बीसबॉशची दलदल तयार झाली, आज तिथे राष्ट्रीय उद्यान आहे. जावयाने भिंतीला हात लावून फोटो काढून घेतला. मी विचारलं, “तुझ्या पूर्वजांचं?” तो म्हणाला, “माझे पूर्वज बहुतेक समोरच्या काठावर मासे पकडत असतील.” हे उत्तर मला त्या फ्रेमपेक्षा आवडलं.

खरंच, वाड्याचे मालक आणि आफ्रिकेला गेलेला माणूस यांना जोडणारा कागद दुकानाने दाखवलेला नाही. नाव जुळतं एवढाच पुरावा. एका गावचे दोन ‘-कर’ भाऊबंद असतातच असं नाही, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही कळतं. केपच्या नोंदींतला मूळ पुरुष म्हणजे विलेम स्खाल्क फान देर मेर्वे, १६६१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तिथे आलेला. १६६८ मध्ये त्याने एल्सा क्लूतेशी लग्न केलं, ती जर्मन बापाची मुलगी. आणि ‘स्खाल्क’ या जुन्या नावाचा मूळ अर्थ काय? चाकर. फ्रेममध्ये सरदार, कागदावर चाकर. (आजच्या डचमध्ये त्या शब्दापासून ‘खट्याळ’ असा अर्थ झालाय. जावयाला तोही लागू पडतो.)

नेपोलियनचं प्रकरण तर जागोजाग ऐकू येतं, म्हणून त्यावर दोन शब्द. १८ ऑगस्ट १८११चा हुकूम खरा आहे. ज्यांना कायमचं आडनाव नाही त्यांनी ते नोंदवावं, असा. पण हॉलंडमधल्या बहुतेक घरांत तोवर आडनावं रुजलेली होती. हुकुमाचा खरा परिणाम झाला तो जिथे बापाचं नाव लावून काम चालायचं तिथे, म्हणजे फ्रीसलँडसारख्या उत्तरेकडच्या भागात, आणि ज्यू कुटुंबांत. लोकांनी नेपोलियनची थट्टा म्हणून वेडीवाकडी नावं लिहून दिली, ही गोष्टही अशीच. पुरावा म्हणून सगळे ‘नाक्तखेबोरन’ हे आडनाव पुढे करतात, त्याचा अर्थ ‘नागडा जन्मलेला’. पण ते जर्मन ‘नाखगेबोरन’चं बिघडलेलं रूप मानलं जातं, बाप वारल्यावर जन्मलेला. दुकानदाराने हीच चहाच्या टपरीवरची माहिती उचलली आणि सोनेरी शाईत छापली.

यानंतर आल्या विहीणबाई. लग्नाच्या दहा दिवस आधी त्या प्रिटोरियाहून उतरल्या, पिशवीत सुकवलेलं मांस, बिस्किटं आणि एक प्लॅस्टिकची फाइल. फाइलमध्ये त्यांच्या नणंदेने टाइप केलेला एक कागद. त्यावर जावयाच्या नावापुढे एक सांकेतिक ओळ: बी५सी२डी७ई१... अशी पार ‘के’पर्यंत. मला वाटलं गॅस कनेक्शनचा नंबर. त्यांनी समजावून सांगितलं आणि मला शहारा आला. मूळ पुरुष ‘ए’. त्याची मुलं ‘बी’, नातवंडं ‘सी’, आणि आकडा म्हणजे कितवं अपत्य. म्हणजे बी५ हा मूळ पुरुषाचा पाचवा, त्याचं दुसरं अपत्य सी२, त्याचा सातवा डी७. एका ओळीत अख्खी पिढीजात वाट. अहो, हा तर गट नंबर आणि पोटहिस्सा! ११२/२/अ/१. मी आयुष्यभर जमिनीच्या वाटण्या अशाच वाचल्या, इथे माणसांच्या वाचत होते.

या पद्धतीला दे फिलियर्स-पामा म्हणतात. ख्रिस्तोफेल कुत्सी दे फिलियर्स यांनी केपच्या जुन्या घराण्यांच्या वंशावळी जमवल्या, त्या त्यांच्या मृत्यूनंतर १८९३-९४ मध्ये छापल्या गेल्या. पुढे पामा यांनी १९६६ मध्ये सुधारून काढल्या. आफ्रिकान्स घरांत हा संकेत पाठ असणारी एक तरी आत्या असतेच म्हणे. शिवाय थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायची रीत, त्यामुळे कागदावर विलेम आणि स्खाल्क इतक्यांदा येतात की संकेत नसता तर कोण कुठला विलेम हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

विहीणबाईंनी फ्रेम बघितली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सिंह छान आहे.”

त्यांनीच मला ‘फान’ची दुसरी बाजू दाखवली, आणि ती माझ्या मनातून अजून गेलेली नाही. केपला कंपनीने गुलाम आणले, त्यांतले पुष्कळ हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून. नोंदीत त्यांच्या नावापुढे, जिथून आणलं ती जागा लावली: फान बेंगालन, फान मालाबार, फान सेलोन (म्हणजे श्रीलंका). आन्सेला फान बेंगाले ही त्यांतलीच एक. बंगालची बाई. १६६६ मध्ये मुलांसह मुक्त झाली, १६६९ मध्ये आर्नोल्डस बासोन याच्याशी लग्न केलं. आज कितीतरी आफ्रिकान्स कुटुंबांच्या वंशावळीत तिचं नाव निघतं. विहीणबाईंचं माहेर बासोन. त्या सहज म्हणाल्या, “तुमची मुलगी आमच्याकडे येणारी पहिली हिंदुस्थानी नाही.” आमच्या यजमानांचा चहाचा कप तसाच हातात राहिला.

फ्रेममधल्या त्याच ‘फान’ला दुकानदार सरदारपणाचं चिन्ह म्हणतो. आन्सेलाला बासोनपासून झालेल्या मुलांनी बासोन लावलं. ‘फान बेंगाले’ तिच्यापाशीच संपलं.

उरलं कुळचिन्ह. ते आडनावाचं नसतं, विशिष्ट घराण्याचं असतं. नेदरलँड्समध्ये कोणीही स्वतःचं चिन्ह करून घेऊ शकतो आणि सीबीजीकडे नोंदवू शकतो. दक्षिण आफ्रिकेत १९६२च्या कायद्याखाली प्रिटोरियात त्यासाठी सरकारी कचेरीच आहे. आमच्या ढालीवरचा सिंह कोणाचा, हे मी दुकानाला पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं की ‘आमच्या संग्रहातून’. लेकीने त्याच दुकानाच्या पानावर एक भलतंच आडनाव टाकून बघितलं. तोच सिंह. जहाजाऐवजी बुरूज.

पैसे परत मागितले. मिळाले नाहीत. युरोपात ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत परत करता येते, पण गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे बनवलेल्या वस्तूला ती सवलत नाही, आणि नाव छापलेलं असल्याने ही तशी वस्तू. मजकूरच चुकीचा आहे, हा मुद्दा वेगळा, तो मी आठ कलमांत लिहून पाठवला. त्यांनी ‘दुरुस्त मजकुराचा नवा कागद, पंचवीस युरो’ अशी ऑफर दिली. म्हणजे चूक त्यांची आणि दुरुस्तीची फी माझी.

तर कोणी असं काही घ्यायच्या विचारात असेल तर माझं म्हणणं असं. ‘बाकर’ म्हणजे पाववाला, ‘फिसर’ म्हणजे कोळी, क्रिकेटपटू क्विंटनचं ‘दे कॉक’ म्हणजे आचारी, ‘दे योंग’ म्हणजे धाकटा, असे सरळ अर्थ हवे असतील तर ती पेढी फुकट आहे, डच वाचणारं कोणी शेजारी बसवा. तिच्यात उणिवा आहेत. २००७च्या पुढचा आकडा नाही, आणि आफ्रिकेत काय झालं हे तिथे शोधू नका. नेदरलँड्समध्ये मोजके असलेले फान देर मेर्वे दक्षिण आफ्रिकेत पैशाला पासरी आहेत, इतके की तिथल्या विनोदांतला बावळट नायकही फान देर मेर्वेच, आपल्याकडचा बंड्या तसा. ते त्या नकाशावरून कळणार नाही. त्यासाठी आत्या लागते. आणि सजावट हवी असेल तर बाजारातून नुसती ओकची फ्रेम आणा.

नातवंडांचं आडनाव काय, हा प्रश्न लग्नाच्या जेवणात निघालाच. १ जानेवारी २०२४ पासून नेदरलँड्समध्ये मुलाला आई आणि वडील दोघांचंही आडनाव जोडून लावता येतं. आमचंही ‘-कर’ आहे. लेकीने रुमालावर लिहून बघितलं, एका ओळीत मावलं नाही.

फ्रेम मात्र वाया गेलेली नाही. जावयाने कागद काढला आणि यजमानांच्या सल्ल्याने त्यात १७ ऑक्टोबर २०२३च्या धरमशालेच्या सामन्याचा धावफलक घातला. नेदरलँड्सने दक्षिण आफ्रिकेला ३८ धावांनी हरवलं तो विश्वचषकाचा सामना. आधी आफ्रिकेकडून आणि मग नेदरलँड्सकडून खेळलेल्या रूलोफ फान देर मेर्वेने त्यात फान देर डुसेनला बाद केलं. डुसेन हे गाव मेरवेदेच्या दक्षिणेला, सायकलने जाण्याजोगं. धावफलकात त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आहे. व्याही आफ्रिकेचे कट्टर समर्थक, ते जेवायला बसताना त्या भिंतीकडे पाठ करून बसतात.